'फ्रेंडली आहे, घर हवंय': शेल्टरमधून मोठा कुत्रा दत्तक घेण्याच्या सेवेचं परीक्षण

"वय दोन वर्षं, नसबंदी झालेली, लसीकरण पूर्ण, अतिशय फ्रेंडली, घर हवंय." दत्तक द्यायच्या कुत्र्याच्या फोटोखाली बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं. यातलं वय हा अंदाज असतो. नसबंदी आणि लसीकरण कागदावर पडताळता येतं. घर हवंय हे तर शंभर टक्के खरं. उरला 'फ्रेंडली'. हा शब्द खोटा नसतो, पण तो शेल्टरमधल्या कुत्र्याबद्दल असतो, तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत येणाऱ्या कुत्र्याबद्दल नसतो. म्हणून महाराष्ट्रातल्या शेल्टरांच्या या सेवेला गुण देताना फोटो, रील्स आणि पिंजऱ्यांची रंगरंगोटी बाजूला ठेवली आहे. त्या एका शब्दामागे शेल्टर किती माहिती देतं आणि कुत्रा घरी गेल्यावर फोन उचलतं का, एवढंच मोजलं. एकूण पाचपैकी साडेतीन.

मुळात हे कुत्रे तिथे येतात कसे

आपल्याकडचं शेल्टर हे मुळात दत्तक केंद्र नसतं. ते आधी दवाखाना असतं, मग नसबंदी केंद्र, आणि जागा व माणसं उरली तर दत्तक विभाग. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ज्या संस्थेचं, ती १८७४ सालची. मुंबईतच 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' १९८५ पासून आहे, पुण्यात बावधनची 'रेस्क्यू' २००७ पासून. या सगळ्यांचा मुख्य धंदा जखमी आणि आजारी जनावरांचा.

'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' प्रमाणे नसबंदीसाठी उचललेला रस्त्यावरचा कुत्रा शस्त्रक्रियेनंतर जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. त्यामुळे गल्लीतला धडधाकट, आपल्या हद्दीत खूश असलेला कुत्रा सहसा दत्तक यादीत येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे उचलून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. अशा कुत्र्यांपुढे आता शेल्टर किंवा घर असे दोनच रस्ते उरले आहेत.

यादीत दिसणारे बाकीचे साधारण तीन प्रकारचे. एक, अपघातातून बरा झालेला गावठी कुत्रा: पाय मोडला, दोन-तीन महिने ड्रेसिंग झालं, तेवढ्यात माणसांची इतकी सवय लागली की रस्त्यावर सोडणं धोक्याचं. कधी तीन पायांचा, पण तीन पायांवर कुत्रा जिना चढतो, पळतो. त्याचं फक्त वजन वाढू द्यायचं नाही. दोन, पाळून सोडून दिलेला लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा हस्की. तीन, पिल्लू म्हणून आलेला आणि कुणी न नेल्यामुळे तिथेच मोठा झालेला. पहिल्याला माणसं कळतात, घर कळत नाही. दुसऱ्याला घर कळतं, पण तो सोडून का दिला याचं खरं कारण फॉर्मवर क्वचितच असतं. 'बदली झाली' असं लिहिलेलं असेल तर चावण्याबद्दल वेगळा प्रश्न विचाराच. तिसरा दिसायला सगळ्यात लाघवी, आणि घरात आणल्यावर सगळ्यात अवघड. त्याने कधी जिना, लिफ्ट, कुकरची शिट्टी, फिरता पंखा किंवा गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पाहिलेली नसते.

जाता जाता: पिवळसर रंगाच्या प्रत्येक गावठी कुत्र्याला 'लॅब मिक्स' म्हणायची पद्धत आहे. फोटोला जास्त फोन येतात म्हणून. दुर्लक्ष करा. गावठी कुत्रा १५ ते २५ किलोचा, आखूड केसांचा, आपल्या हवेला सरावलेला असतो. तेच हवं असायला पाहिजे.

'फ्रेंडली' तपासायचं कसं

भेटीला जाताना उकडलेल्या बिनहाडाच्या, बिनमिठाच्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे वीस-पंचवीस तुकडे आणि किल्ल्यांचा जुडगा न्या. पहिल्या भेटीला लहान मुलं नेऊ नका. कुत्र्याचा स्वभाव तुमच्या मुलावर तपासायचा नसतो.

जाळीवर उड्या मारत भुंकणाऱ्या कुत्र्याला लगेच नापास करू नका. अडकलेपणाचा तो चिडका जोर असतो. तोच कुत्रा बाहेर काढल्यावर पुष्कळदा लोण्यासारखा मऊ पडतो. फसवा असतो तो कोपऱ्यात बसलेला 'खूप शांत' कुत्रा. अंग मागच्या पायांवर झुकलेलं, तोंड भिंतीकडे, हात लावला तरी हालचाल नाही. कर्मचारी सांगतात, "ह्याला काहीही करा, हा काही म्हणत नाही." त्याच्या नाकापाशी चिकनचा तुकडा ठेवून बघा. उपाशी असूनही तो खात नसेल, तर तो शांत नाही, भीतीने गोठलेला आहे. घरी तीन आठवड्यांत तो मोकळा होतो आणि नको असलेल्या गोष्टीवर आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरतो. मग लोक म्हणतात, आणला तेव्हा चांगला होता, लाडाने बिघडला. बिघडलेला नसतो, बोलायला लागलेला असतो. असा कुत्रा घ्यायलाही हरकत नाही, पण अनुभवी घरात, आणि हे माहीत असूनच.

कुत्रा पिंजऱ्याबाहेर शांत जागी आणायला सांगा. पहिली पाच मिनिटं तो जमीन हुंगेल, तुमच्याकडे बघणारही नाही. ती पाच मिनिटं हिशोबात धरू नका. मग बाजूला वळून, न वाकता उभे राहा. तो आपणहून आला तर छातीला किंवा खांद्याला तीन ते पाच सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुढच्या दोन सेकंदांत उत्तर मिळतं. अंगाने पुढे टेकला, नाकाने हात उचलला तर त्याला अजून हवंय. ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली तर पुरे झालं. डोक्यावर थापट्या मारून शेपटी हलते का बघणं ही परीक्षा नव्हे. शेपटी तर भांडणाआधीही हलते. ताठ, उंच धरलेली आणि तारेसारखी थरथरणारी शेपटी वेगळी, कमरेपासून सगळं अंग लडबडवणारी वेगळी.

यानंतरची परीक्षा गळ्यातल्या पट्ट्याची. घरात चावे होतात ते पुष्कळदा पट्ट्याला हात घातल्यावर: सोफ्यावरून उतरवताना, दारातून मागे ओढताना. एका हाताने पट्टा हलका धरा, त्याच क्षणी दुसऱ्या हाताने चिकन द्या. कुत्रा घट्ट झाला, तोंड मिटलं, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसला तर हात सोडा आणि नोंद करा. असंच पंजा, कान, शेपटीचं मूळ. पुढे नखं कापायची आहेत, गोचीड काढायची आहेत, कानात थेंब घालायचे आहेत.

किल्ल्या कुत्र्यापासून सहा-सात फुटांवर कमरेच्या उंचीवरून पाडा. दचकणं ठीक आहे. मोजायचं ते सावरणं. अर्ध्या मिनिटात परत येऊन किल्ल्या हुंगत असेल तर शहरात निभेल. भिंतीला चिकटून बसला आणि पाच मिनिटांनीही चिकन घेत नसेल, तर हमरस्त्यालगतचं घर त्याच्यासाठी नाही.

जेवणाच्या वेळी ताटात हात घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. चार-पाच फुटांवरून त्याच्या ताटलीकडे तुकडे टाका. मान वर करून वाट बघितली तर छान. खाण्याचा वेग वाढला, डोकं खाली, अंग ताठ, तर तो अन्न राखतो. हे शिकवून कमी होतं, पण रांगतं मूल असलेल्या घरासाठी हा कुत्रा नव्हे.

खरी माहिती मात्र ऑफिसात मिळत नाही. ती बादली-झाडू घेऊन पिंजरे धुणाऱ्या माणसाकडे असते. त्याला 'फ्रेंडली आहे का' असं विचारू नका, हो म्हणेल. विचारा: याच्या पिंजऱ्यात तुम्ही एकटे जाता का? गोळी कशी देता? गळ्यात दोरी कोण घालतं? रेनकोट, हेल्मेट घालून आलेल्यावर भुंकतो का? शेजारच्या पिंजऱ्यातल्याशी भांडतो का? "गोळी मीच देतो, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही" हे एक वाक्य जाहिरातीतल्या पाच विशेषणांपेक्षा कामाचं.

दोन वेळा जा. एकदा सकाळी सफाईच्या गोंधळात, एकदा संध्याकाळी जेवणानंतर. दोन्ही वेळा सारखा वागला तर तो त्याचा स्वभाव. दुसऱ्या भेटीला परवानगी नाकारणाऱ्या शेल्टरचा इथेच एक गुण कापा. कुत्रा काही आठवडे फोस्टर घरात, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडे, राहिला असेल तर हा सगळा खटाटोप निम्मा होतो. अशा वेळी थेट फोस्टरशी बोला, आणि तो एकटा किती तास राहतो हे आधी विचारा.

कागद

इथे बहुतेक शेल्टरं चांगले गुण घेतात. मिळायला हवं ते असं: लसीचं पुस्तक, ज्यात प्रत्येक लसीपुढे बाटलीवरचं चिकटपत्र, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरची सही, नसबंदीचा दाखला, उपचारांचा कागद, आणि दत्तक करार. नुसतं 'लसीकरण झालं' असं पेनने लिहिलेलं असेल तर लस झालीच नाही असं धरून पुन्हा सुरुवात करा. आधीचा इतिहास माहीत नसलेल्या मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टो गटाच्या लसीचे दोन डोस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य देतील त्या वेळापत्रकाने. कोकणपट्टीत आणि मुंबईत लेप्टोचा डोस पावसाळ्याआधी दरवर्षी चुकवू नका. उंदरांच्या मुतातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो.

कानाच्या टोकाला व्ही आकाराची खाच असेल तर ती नसबंदीची खूण. मादीच्या बाबतीत खाच नाही आणि दाखलाही नाही, तर सोनोग्राफी करून घ्या.

वयावर फार विसंबू नका. सात महिन्यांपर्यंत दातांवरून वय बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, कारण तोवर ४२ पक्के दात येतात. नंतर फक्त झीज आणि किटण दिसतं, आणि ते खाण्यावर, जाळी चावण्याच्या सवयीवर अवलंबून. 'दोन वर्षं' म्हणजे दीड ते चार समजा.

करारात एक कलम शोधा: काही कारणाने जमलं नाही तर कुत्रा शेल्टरलाच परत द्यायचा, आणि शेल्टर तो घेईल. दोन्ही अर्ध्या गोष्टी लिहिलेल्या हव्यात. काही करारांत पहिला अर्धा असतो, दुसरा नसतो. कुत्रा रस्त्यावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, इतक्या वर्षांत तोच. म्हणजे त्या कलमाचा आधार कायद्यापेक्षा जास्त. दहा-पंधरा दिवस फोस्टर म्हणून न्या आणि मग सही करा, अशी सोय देणारं शेल्टर मिळालं तर दुसरीकडे बघू नका.

होम चेकबद्दल लोक कुरकुरतात. बाल्कनीच्या ग्रिलमधली फट चार इंचांपेक्षा मोठी आहे का, दार थेट रस्त्यावर उघडतं का, हे कुणी येऊन पाहत असेल तर ते तुमच्या भल्याचं आहे. पण भाड्याने राहणारा, एकटा राहणारा किंवा दोघं नोकरी करणारे म्हणून सरसकट नकार देणं हे चुकीचं, आणि याचे गुण कापले आहेत. मोठा, नसबंदी झालेला गावठी कुत्रा दिवसातले कितीतरी तास झोपून काढतो. सवय लावली तर पाच-सहा तास एकटा राहतो. पिल्लाला हे जमत नाही, आणि मागणी मात्र पिल्लांचीच.

तब्येत: कुठे गफलत होते

सर्वात जास्त फसवतो तो गोचिडांचा ताप. एर्लिकिया हा त्याचा एक प्रकार: जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे शेल्टरमधून ठणठणीत निघालेला कुत्रा घरी दहाव्या दिवशी जेवण सोडतो. घेण्याआधी रक्ताची संपूर्ण तपासणी मागा आणि प्लेटलेट्सचा आकडा बघा. चार आजारांची पट्टी-चाचणी केली असेल तरी ध्यानात ठेवा, ती एर्लिकिया आणि ॲनाप्लाझ्मा दाखवते, गोचिडांमुळेच होणारा बबेसिया दाखवत नाही. बबेसियासाठी रक्ताचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो किंवा पीसीआर. "चाचणी निगेटिव्ह होती, मग ताप कसा आला" याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या बंद केल्या की ताप उलटतो.

गोचिडांवर तोंडाने द्यायची फ्लुरालेनरची गोळी बारा आठवडे चालते. वजनाप्रमाणे घ्यायची, मोठी गोळी मोडून दोन कुत्र्यांत वाटायची नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. मानेवर टाकायच्या फिप्रोनिलच्या थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. शेल्टरचा वास जावा म्हणून घरी आणल्या आणल्या आंघोळ घातली की कालचे थेंब वाया गेले, आणि घाबरलेल्या कुत्र्याला बाथरूम कायमचं नकोसं झालं. पहिला आठवडा ओल्या फडक्याने पुसा.

केनेल कफ: घशात काहीतरी अडकल्यासारखा ठसका, शेवटी पांढरा फेस. लोकांना वाटतं हाड अडकलं. बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. तोवर गळ्यात पट्टा नको, हार्नेस वापरा. घरात आधीचा कुत्रा असेल तर चौदा दिवस दोघांना वेगळं ठेवा, भांडी वेगळी, आणि आधीच्याच्या लसी वेळेवर असल्याची खात्री करा.

लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब हे आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणाऱ्या गाठीचं (टीव्हीटी, एक प्रकारचा कर्करोग) नेहमीचं लक्षण. नाव ऐकून घाबरायला होतं, पण आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिनची साधारण चार ते सहा इंजेक्शनं घेतल्यावर बहुतेक पूर्ण बरे होतात. उपचार संपलेत की अर्धवट आहेत, एवढं मात्र लेखी घ्या. जंताची गोळी वजनाप्रमाणे, आणि डॉक्टर वेगळं सांगत नाहीत तोवर दर तीन महिन्यांनी.

न्यायला जाताना

एका गोष्टीवर कंजूषपणा नको: गळ्यात आणि अंगावर काय घालायचं. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं आणि मान जवळपास तेवढीच जाड. साधा पट्टा तो मागे सरकत एका झटक्यात काढून टाकतो. ओढल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, कानामागे सर्वात वर बसवा, ताणलेला असताना दोन बोटं शिरतील एवढाच. त्याबरोबर एच आकाराचा हार्नेस. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर टेपने मोजा, 'मीडियम' म्हणून आणू नका. पहिला महिना दोन दोऱ्या, एक पट्ट्याला, एक हार्नेसला, दोन्ही साध्या सहा फुटी. बटण दाबून लांबणारी दोरी नको. हातातून सुटली की तिचा प्लास्टिकचा डबा खडखडत मागे येतो, कुत्रा त्याच्यापासून पळत सुटतो आणि डबा काही पिच्छा सोडत नाही.

गाडीच्या दोन्ही बाजूंच्या काचा वर, चाइल्ड लॉक लावलेलं. दार उघडण्यापूर्वी दोरी मनगटात. रेल्वेने लांब न्यायचा असेल तर एसी फर्स्टचा पूर्ण कूपे किंवा गार्डच्या डब्यातली पेटी, एवढेच पर्याय आहेत. घाबरलेल्या नव्या कुत्र्याला ती पेटी नको. त्यापेक्षा गाडी करा.

पहिले पंधरा दिवस

शेल्टरवाले 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' हे सूत्र सांगतात. सावरायला, रुळायला, आपलं मानायला. ढोबळ म्हणून ठीक, पण तीन दिवसांत काही सावरतातच असं नाही.

पहिल्या दिवशी पाहुणे नकोत, शेजाऱ्यांची मुलं नकोत, घर फिरवून दाखवणंही नको. एका खोलीचा कोपरा, जुनी चादर, पाणी. शेल्टरमधून त्याच्या अंगाखालचं गोणपाट मागून आणा. वास घाणेरडा, पण त्याच्या ओळखीचा. टाइलवर पाय घसरत असतील तर जाड चटया टाकून दारापर्यंत वाट करा. घसरला की तो हट्टाने एकाच जागी बसून राहतो आणि लोकांना वाटतं पाय दुखतोय.

रस्त्यावर वाढलेला मोठा कुत्रा झोपायच्या जागी घाण करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. उलटी अडचण येते: सिमेंट आणि टाइलवर तो मुतायलाच तयार नसतो. पहिल्या दिवशी बारा-पंधरा तास धरून ठेवणं नवल नाही. माती किंवा गवताच्या त्याच त्या जागी दर तीन-चार तासांनी न्या, दहा मिनिटं गप्प उभे राहा. चोवीस तास उलटले तर डॉक्टरांना फोन करा.

शेल्टरमध्ये जे मिळायचं, बहुधा भात-चिकन किंवा खिचडी, तेच पहिले चार दिवस. मग आठवडाभरात पाव, अर्धा, पाऊण करत नवं अन्न. एकदम बदललं की जुलाब, आणि दोष कुत्र्याच्या पोटाला. १८ किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९५० ते १००० कॅलरी लागतात. पाकिटावरचा आकडा १०० ग्रॅमला ३६० च्या आसपास असेल तर २७० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. महिन्याला आठ किलोची पिशवी. पोळी-दुधावर कुत्रा जगतो, पण प्रथिनं कमी पडतात आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध सोसत नाही. घरचंच द्यायचं असेल तर मांस किंवा अंडी आणि कॅल्शियमचं प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट नाही. शिऱ्यातले बेदाणेही नाहीत. शिजवलेली हाडं नाहीत.

गुरगुरला तर ओरडू नका, मागे व्हा. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो. आणि लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुत्र्याचं लसीचं पुस्तक सोबत न्या, पण ते आहे म्हणून जाणं टाळू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं.

सोसायटी, आणि परदेश

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, ठरावाने बहुमत झालं तरी. लिफ्टसाठी वेगळा आकारही लावता येत नाही. तरी महापालिकेचा परवाना आणि रेबीजचा दाखला यांची प्रत आपणहून सेक्रेटरीच्या हातात दिलेली बरी, आणि विष्ठा उचलायची पिशवी खिशात. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती आधी.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतून 'तिथून एक पाठवता येईल का' अशी विचारणा होते. कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तकासाठी कुत्रे आणणं बंद केलं आहे, आणि भारत त्या यादीत आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून भारतातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी, आणि लसीचे कागद त्या चिपच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. लस आधी आणि चिप नंतर, असा उलटा क्रम झाला तर ती लस धरली जात नाही. इथल्या शेल्टरांत हा क्रम चुकण्याची शक्यता खूप.

नंतरची साथ

इथे शेल्टरं सगळ्यात कमी पडतात, पाचपैकी अडीच. पहिल्या आठवड्यात फोटो मागणारे संदेश येतात. पण तिसऱ्या आठवड्यात 'सासऱ्यांवर गुरगुरतो, काय करू' याला उत्तर द्यायला माणूस नसतो. बचावाच्या फोनलाही तीच दोन माणसं, हे समजतं. तरी घेण्यापूर्वी एवढं विचारून ठेवा: वागणुकीचा प्रश्न आला तर कुणाला फोन करायचा, आणि किती वाजेपर्यंत. नाव आणि क्रमांक मिळाला तर एक गुण जास्त.

कुत्रा कधी आणायचा यालाही महत्त्व आहे. दहीहंडीपासून विसर्जनापर्यंत आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, शेल्टरने कितीही घाई केली तरी. नवा कुत्रा फटाक्याला घाबरून सुटला तर त्याला परत यायला घर माहीतच नसतं. तसं झालंच तर मागे धावू नका, नावाने हाका मारत फिरू नका. ते नाव त्याला चार दिवसांपूर्वी मिळालेलं असतं. जिथून सुटला तिथे ते गोणपाट आणि वासाचं खाणं ठेवा, पहाटे तीन ते पाच या वेळेत गप्प बसून राहा, आणि शेल्टरमधल्या त्या बादलीवाल्या माणसाला बोलावून घ्या. त्याचा आवाज कुत्र्याला ओळखू येतो.